दुपारची भूक

भिंगारला आमच्या क्वार्टरच्या ओळीवर दुपारी अशी शांतता पसरते की समोरच्या लिंबाचं पान पडलेलंही ऐकू यावं. पुरुष कामावर, मुलं शाळेत, बायका पंख्याखाली आडव्या झालेल्या. लांब लष्करी कॅम्पाच्या बाजूला कुणीतरी ट्रक मागे घेताना शिट्टी मारतं, मग तीही थांबते. मी बालवाडीत शिकवते. दुपारी मुलं सुटली की मीही सुटते. कुलूप काढून आत आले की घर मला थोडं पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. पडद्यातून येणारा हिरवट उजेड, थंड फरशी, ओट्यावर झाकून ठेवलेली भांडी. नवरा कॅम्पातल्या एका कार्यालयात कारकून, तो संध्याकाळी यायचा. मुलीची शाळा, मग क्लास. ती सगळी दुपार माझ्या एकटीची असायची.

खाणं कुठल्या क्षणी सुरू व्हायचं, ते मला आजही सांगता येत नाही. चप्पल काढल्याचं आठवतं, हातपाय धुतल्याचं आठवतं. मग मी ओट्याशी उभी असायचे आणि हातात सकाळची चपाती असायची. ताट मी कधी घेतलं नाही. चपाती नुसतीच, मग तिच्यावर साखर, मग साय. डबा उघडल्याचं लक्षात राहायचं नाही, झाकण मात्र हातात असायचं. खारी, फरसाण, मुलीसाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू, सणाचा उरलेला चिवडा. काहीच नसलं तर गूळ. एकदा कच्च्या कणकेचा अर्धा गोळा खाल्ला होता.

चव पहिल्या दोन-चार घासांनाच लागायची. नंतर चव नाही, भूकही नाही, नुसती एक मऊ गुणगुण. कान बुजल्यासारखे व्हायचे. डोक्यातली सगळी माणसं एकेक करून बाहेर जायची. मुख्याध्यापिका, सासरची माणसं, गुडघे, रक्तातली साखर, सगळं. त्या वेळी कुणी दार वाजवलं असतं तर ते दार दुसऱ्याच घराचं आहे असं मला वाटलं असतं. मग पोट दुखायला लागायचं. झोपेतून उठावं तशी मी त्या दुखण्यातून परत यायचे आणि समोर रिकामा डबा दिसायचा. पुड्यांचे कागद वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घालायचे, तोंड धुवायचे, कोपऱ्यावरच्या दुकानातून खारी आणून डबा होता तितका भरून ठेवायचे. संध्याकाळी सगळ्यांबरोबर ताटात एक भाकरी घ्यायचे. नवरा म्हणायचा, "अगं, एवढंसं खातेस, तरी वजन कसं वाढतं?" मी म्हणायचे, "थायरॉइड असेल."

बालवाडीतल्या मुलांना मी आवडायचे, कारण मी मऊ होते. गोष्ट सांगायला मांडी घालून बसले की दोघं-तिघं येऊन पोटाला टेकायची आणि टेकल्या टेकल्या झोपायची. तेवढा एक वेळ मला या शरीराचं वाईट वाटायचं नाही. बाकी दिवसभर ते मी ओढत न्यायचे. गुडघे चढावर बोलायचे. पुढे साखर वाढली, गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिन आलं. नगरच्या डॉक्टरांनी एक दिवस पेन बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं, "ताई, तुम्ही पोट लहान करायच्या ऑपरेशनचा विचार करा. पुण्यात होतं. आतड्याची वाटही थोडी बदलतात. तुमची साखर त्यानं आटोक्यात येईल."

परत येताना रिक्षात मी डोळे मिटून घेतले होते. पोटच राहणार नाही म्हटल्यावर ती दुपारही राहणार नाही, असा मी हिशेब केला होता. मला ते स्वर्गासारखं वाटलं.

पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी एका समुपदेशक बाईंकडे पाठवतात. माझ्याहून लहान होत्या त्या. खोलीत एक खिडकी होती आणि खिडकीत मनीप्लांट. त्यांनी वजन विचारलं नाही. विचारलं, "खात असताना तुम्ही कुठे असता?"

मला प्रश्न कळला नाही असं मी दाखवलं. इतकी वर्षं मला सगळ्यांनी काय खाता, किती खाता हेच विचारलं होतं. कुठे असता, हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "घरीच असते." आणि मग म्हणाले, "नसते खरं तर."

त्यानंतर मी बोलत राहिले. ओट्याजवळची ती गुणगुण, कचऱ्यातले कागद, सगळं. त्यांनी विचारलं, "हे पहिल्यांदा कधी झालेलं आठवतं?" आणि माझ्या डोळ्यांपुढे मावशीचं घर आलं.

आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडचं, कोरडवाहू. दिवाळी झाली की आई-बाप मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचे आणि ऐन उन्हाळ्यात परत यायचे. धाकट्या भावाला बरोबर न्यायचे. मी शाळेत घातलेली, म्हणून मला मावशीकडे ठेवायचे. मावशी चांगली होती, तिनं कधी हात आखडला नाही. पण ती दुपारी खुरपायला जायची. शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आले की घरात कुणी नसायचं. पत्र्याला ऊन लागून तो मधूनच कडकड करायचा. कोपऱ्यात शेंगदाण्याची आणि गुळाची बरणी होती. मी बरणीपाशी बसायचे आणि खायचे. खाता खाता पत्र्याचा आवाज लांब जायचा, आई गेलेली आहे हेही लांब जायचं. मावशी बरणीत डोकावून नुसती म्हणायची, "शेंगा लवकर सरल्या गं यंदा."

समुपदेशक बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ऑपरेशन पोटावर होईल. या दुपारवर होणार नाही. त्यावर आपल्याला वेगळं काम करायला लागेल, आधीही आणि नंतरही. येत राहाल?" मी हो म्हटलं. आणि गेलेही काही महिने. त्यांनी मला बसून खायला शिकवलं, ताटलीत काढून घ्यायला शिकवलं. बरंच कमी झालं. पण मनातून माझा भरवसा ऑपरेशनवरच होता.

आईला फोनवर सांगितलं. बाप जाऊन आता काही वर्षं झालीत, ती गावी भावाजवळ असते. ती म्हणाली, "देवानं दिल्यालं चांगलं पोट कापून टाकाया निघालीस व्हय? आमी पोटासाठी रानोमाळ हिंडलो बाई."

"कापून टाकत नाहीत गं. लहान करतात. दुर्बिणीतून."

"लहान केल्यावर माझ्या हातचं कसं खाशील तू?"

मी तेव्हा चिडले. फोन ठेवून दिला. तिच्या दृष्टीनं तो प्रश्न किती मोठा होता, ते मला तेव्हा दिसलं नाही.

ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर येताना मला पांढरी भिंत दिसली आणि तिच्यावर पडद्याची सावली हलताना दिसली. बराच वेळ मी नुसती तीच बघत होते. नवरा खुर्चीत बसल्याबसल्या पेंगत होता. नर्सनं चमच्यानं पाणी दिलं, घोट घोट. तो एक घोट घशातून खाली जाऊन कुठे थांबला, ते मला नीट कळलं. माझ्या शरीरात मी कुठवर आहे हे मला असं कधीच कळलं नव्हतं.

पुढचे महिने मी आठवते तेव्हा ते धुक्यातले वाटतात. भूक गेली होती. गेली म्हणजे घर सोडून गेल्यासारखी गेली. डाळीचं पाणी, ताक, मग चाळणीतून गाळलेली खिचडी, वाटीभर. दुपारी घरी आले की ओटा नुसता ओटा असायचा, डबे नुसते डबे. मी पडद्याच्या हिरवट उजेडात बसून राहायचे आणि हातांना काय द्यावं ते कळायचं नाही. जुन्या साड्यांच्या मी उशा शिवल्या. नंतर चालायला लागले, क्वार्टरच्या मागे शेताडीकडे जाणाऱ्या रस्त्यानं. चालताना अंग हलकं होत जायचं. इन्सुलिन सुटलं. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. बाजारात ओळखीची बाई समोरून निघून गेली, तिनं मला ओळखलंच नाही. मी तिला हाक मारली नाही. कुणीच ओळखत नाही अशा गावात आल्यासारखं ते छान वाटलं होतं.

बालवाडीत मात्र एक लहानगी माझ्या मांडीवर बसली, जरा हलली, पुन्हा उठली. "टीचर, तुमचं हाड टोचतं," म्हणाली आणि जाऊन भिंतीला टेकून बसली. मी गोष्ट तशीच पुढे सांगत राहिले. त्या दिवशी घरी येईपर्यंत मला रडू येत होतं आणि का येतंय ते कळत नव्हतं.

समुपदेशक बाईंकडे जाणं तोवर सुटलं होतं. मला वाटलं, आता कशाला?

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या थंडीत ती दुपार परत आली. मी बालवाडीतून आले, हातपाय धुतले, आणि बघते तर ओट्याशी उभी. हातात बिस्किटाचा पुडा. नवं पोट एका वेळी दोन-तीन बिस्किटंच घ्यायचं. मग मी थांबायचे, फिरायचे, पुन्हा यायचे. जुनं खाणं लोंढ्यासारखं होतं, हे गळक्या नळासारखं. थेंब थेंब, पण सगळी दुपार. बिस्किटं दुधात विरघळवली की सहज उतरतात, हा शोध मी तेव्हा लावला. घट्ट पदार्थाला पोट नाही म्हणायचं, पातळ गोडाला म्हणायचं नाही. गुणगुणही आली, तीच, जुनी. मला ओळखणारी.

एका दुपारी मी मुलीच्या वाढदिवसाची उरलेली बासुंदी प्यायले. थोड्या वेळानं छाती धडधडायला लागली. अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात कळा. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी ओट्याखालीच फरशीवर आडवी झाले. गार फरशी गालाला लावून पडून राहिले. तेवढ्यात किल्लीचा आवाज आला. मुलीच्या क्लासला सुटी होती.

ती दहावीत होती तेव्हा. दारात उभी राहून तिनं मला बघितलं, ओट्यावरचं पातेलं बघितलं. मग दप्तर ठेवलं, ओला रुमाल आणला आणि माझ्याजवळ फरशीवर बसली.

"डॉक्टरांना फोन करू?"

"नको. जाईल आता."

ती माझ्या कपाळावरून रुमाल फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मम्मी, हे पुन्हा चालू झालंय ना?"

मी डोळे मिटूनच विचारलं, "पुन्हा म्हणजे?"

"मला आधीपासून माहीत आहे. लहान होते तेव्हापासून. कचरा मीच टाकायला न्यायचे ना."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू नाराज झाली असतीस. आणि मला वाटायचं, सगळ्याच आयांचं असं काहीतरी असेल."

संध्याकाळी नवऱ्याला मीच सांगितलं. तो ऐकता ऐकता खुर्चीवर पुढे सरकत गेला. त्याच्या स्वभावाप्रमाणे त्यानं लगेच उपाय केला. दुसऱ्या दिवशी घरात बिस्किट नव्हतं, साखर नव्हती, गूळ नव्हता. डबे धुऊन पालथे घातलेले. कचऱ्याची पिशवी तो स्वतः न्यायला लागला आणि नेताना आत बघायला लागला. आठवडाभर मी सहन केलं. मग म्हणाले, "अहो, मी चोर नाही. घरात चोर असल्यासारखं वागू नका."

"मग मी काय करू ते तरी सांग," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका थकलेला होता की माझा राग उतरला. काय करायचं ते मलाही सांगता येत नव्हतं. म्हणून मी पुण्याला फोन केला.

समुपदेशक बाईंनी मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. मागे तोच मनीप्लांट दिसत होता, आता खिडकीच्या वरपर्यंत गेलेला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, खूप जणांचं ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी असं होतं, लाजून लपवलं की वाढतं. घरातल्या वस्तू घरात ठेवा, म्हणाल्या. खायचं तर बाहेरच्या दारात बसून, ताटलीत घेऊन, दार उघडं ठेवून खा. आणि दुपारी एकटीनं राहू नका, जमेल तोवर.

दुपारी माझ्याबरोबर कोण राहणार? पण नेमकं त्याच सुमाराला आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. भावानं तिला नगरला दाखवायला आणलं आणि ऑपरेशननंतर तपासण्यांसाठी ती माझ्याकडे राहिली. काळा चष्मा लावून ती दिवसभर पलंगावर बसायची. मी बालवाडीतून आले की पावलांवरून ओळखायची. "आलीस व्हय बाई? चल, खाऊन घे."

मी दोन ताटल्या घ्यायचे आणि आम्ही दारात बसायचो. लिंबाची सावली पायरीपर्यंत यायची. तिची भाकरी माझे दोन घास व्हायच्या आत संपायची. मी एकदा म्हटलं, "आई, किती भरभर खातेस. कुणी हिसकावतंय का?"

"सवय हाय. उसाच्या फडात उभ्यानंच खायचो आमी. एका हातात भाकर, एका हातात कोयता. गाडी भराया आली की तोंडातला घास तसाच." ती हसली. "सावकाश खाणं मला जमतच न्हाई."

"मलाही नाही जमत," मी म्हटलं.

मग मी तिला मावशीकडच्या शनिवारांचं सांगितलं. पत्र्याचा आवाज, बरणी. क्वार्टरमधल्या दुपारीही सांगितल्या, बासुंदीपर्यंत सगळ्या. काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते, म्हणून बोलता आलं असेल. तिनं मधे एकदाही मला अडवलं नाही. माझं झाल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मला ठाऊक न्हाई बाई हे असलं काय असतं," ती म्हणाली. "पर एक आठवतंय. आमी परत आलो की मी तुला लई खायला घालायचे. पोळ्या करायचे, शेंगोळे करायचे. तू नको म्हनायचीस तरी घालायचे. सहा म्हयन्यांचं येकदम घालाया बघायचे मी."

मला ते आठवत होतं. चुलीच्या उजेडात तिचं उन्हानं काळवंडलेलं तोंड, माझ्या ताटाकडे लागलेले डोळे. पोट तट्ट झालं तरी मी खायचे, कारण मी खात होते तोवर ती उठून जात नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही. तिचा हात घेतला आणि माझ्या पोटावर ठेवला, जिथे टाक्यांचे बारीक वण आहेत तिथे. तिनं चाचपून बघितलं.

"दुखतंय का?"

"नाही."

"मंग झालं तर," ती म्हणाली.

त्या दुपारी मला मोठ्या आणि संथ आठवतात. ती बोलायची कमी. फडातल्या झोपडीवजा कोपीवर पहाटे दव कसं गळायचं, बैलांना थंडी वाजू नये म्हणून पोतं कसं बांधायचे, असलं काहीतरी सांगत राहायची. मी ऐकत दोन घासांमध्ये थांबायचे. कधी कधी उठून ओट्यापाशी जायचेही. तेव्हा ती दारातून कुठे गेलीस म्हणून विचारायची नाही, पण बोलणं थांबवायची, आणि ती शांतता ऐकून मी परत दारात यायचे. सगळ्याच वेळी आले असं नाही. तिच्या डोळ्याला बरं वाटल्यावर भाऊ तिला घेऊन गेला. जाताना तिनं बटव्यातून शेंगदाण्याचा एकच लाडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "सावकाश खा. दोन दिस पुरव," म्हणाली. मी तो दोन दिवस पुरवला.

आता मी बरी झाले असं मला म्हणता येत नाही. थोडं वजन परत आलं, मग तिथेच थांबलं. साखर आटोक्यात आहे. समुपदेशक बाईंशी महिन्यातून बोलणं होतं. ओळीतली एक शेजारीण दुपारी लसूण सोलायला माझ्या दारात येऊन बसते, तिला मी का बोलावते ते मी सांगून टाकलंय. ती म्हणाली, "मला तर झोप येत नाही म्हणून बरंच झालं." ओट्यापाशी उभी असलेली मी मला अजूनही अधूनमधून सापडते. फरक एवढाच की आता मी तिला हाक मारू शकते. काही वेळा ती ऐकते, काही वेळा नाही. ज्या दिवशी ऐकत नाही त्या दिवशी मी संध्याकाळी घरात सांगते, आज झालं. नवरा म्हणतो, बरं. मुलगी पुण्याला शिकते, ती फोनवर म्हणते, उद्या बघू.

गेल्या उन्हाळ्यात मिरजगावला नवऱ्याच्या पुतणीचं लग्न होतं. सासरच्या माणसांनी मला बऱ्याच दिवसांनी बघितलं. पंगतीत शेजारी बसलेली चुलतसासू म्हणाली, "अगं, वाळलीस किती. जिलबी वाढा रे हिला." वाढप्यानं दोन वाढल्या. मी एकीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. चांगली होती, पाकात केशर होतं. दुसरा तुकडा मोडावा की नाही, असं वाटण्याचा एक क्षण आला. मी तो क्षण बघत बसले. चुलतसासू तिच्या सुनेची कागाळी सांगत होती, वरून कापडी मांडव वाऱ्यानं फुगत होता, खाली बसत होता. बोलता बोलता तिनं माझ्या ताटातली जिलबी उचलून खाल्ली. आम्ही दोघी हसलो.

हात धुऊन मी मांडवामागे गेले. तिथे एका चिंचेखाली सतरंज्यांचा ढीग होता. जरा टेकावं म्हणून बसले आणि आडवी झाले. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता, स्पीकरवरची सनई कुणीतरी बंद केली, भांड्यांचा खणखणाट दूर दूर गेला. किती वर्षांत मी दुपारी झोपले नव्हते. डोळे उघडले तेव्हा उन्हं पार उतरली होती, अंगावर कुणीतरी शाल टाकलेली होती, आणि नवरा शेजारी वाकून म्हणत होता, "ऊठ, वऱ्हाड निघालं. सगळे तुला शोधतायत."

"तुम्ही शोधलंत का?" मी झोपेतच विचारलं.

"मला दिसत होतीस," तो म्हणाला, आणि माझी चप्पल माझ्या पायांजवळ सरकवली.